प्रवेशद्वारी थांबलेला वापरकर्ता : मुक्तस्रोत संगणकप्रणालींतील अधूनमधून उद्भवणाऱ्या लॉगिन-बिघाडांचा ऐतिहासिक अभ्यास (१९६१–२०२२)

बीजशब्द : लॉगिन, युनिक्स, लिनक्स, मुक्तस्रोत, पासवर्ड, एंट्रॉपी, तंत्रज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सामान्यतः शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते यंत्र केव्हा तयार झाले, त्याची गती किती होती, त्याच्या पुढच्या पिढीत काय सुधारले, अशा क्रमाने ही मांडणी पुढे सरकते. बिघाडांना या मांडणीत फारसे स्थान मिळत नाही. मिळालेच तर एखाद्या मोठ्या दुर्घटनेच्या निमित्ताने. वास्तविक पाहता एखादी प्रणाली कशी घडली हे तिच्या यशापेक्षा तिच्या अपयशातून अधिक स्पष्टपणे दिसते. कारण यशाच्या वेळी तिचे सर्व थर एकजीव भासतात, अपयशाच्या वेळी मात्र ते सुटे होऊन दिसू लागतात.

प्रस्तुत लेखात अशाच एका बिघाडाचा विचार केला आहे. संगणक सुरू होतो, नाव आणि पासवर्ड विचारणारा पडदा समोर येतो किंवा येता येता थांबतो. वापरकर्ता नेहमीचाच पासवर्ड देतो आणि प्रवेश मिळत नाही. पाच मिनिटांनी तोच मनुष्य, त्याच यंत्रावर, तोच पासवर्ड देऊन आत जातो. हा बिघाड कायमचा असता तर त्याचे कारण शोधणे तुलनेने सोपे झाले असते. तो कधी होतो आणि कधी होत नाही, हीच त्याची खरी अडचण आहे. तक्रार घेऊन तंत्रज्ञाकडे जावे तर त्याच्यासमोर यंत्र सुरळीत चालते आणि दोष अर्थातच वापरकर्त्याच्या बोटांवर जातो.

युनिक्स आणि त्या परंपरेतील लिनक्स या प्रणालींच्या संदर्भात या बिघाडाचा मागोवा घेतला असता दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी, की लॉगिनची व्यवस्था मुद्दाम अबोल ठेवलेली आहे. नकाराचे कारण सांगणे हेच तिच्या धोरणाविरुद्ध आहे. दुसरी अशी, की अशा बिघाडाचे मूळ पुष्कळदा पासवर्डात नसतेच, ते काळात असते. म्हणजे कोणती कृती कोणत्या कृतीच्या आधी पूर्ण होईल, याविषयी कोणीतरी कधीकाळी गृहीत धरलेल्या आणि कोठेही न लिहिलेल्या क्रमात असते. या दोन्ही गोष्टींची मुळे लिनक्सच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहेत.

दोन संपादक आणि एक तात्पुरती संचिका

एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या पहिल्या प्रणालींपैकी एक म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील ‘कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम’. फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तिचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. यंत्र एक आणि वापरकर्ते अनेक असल्यामुळे प्रत्येकाच्या संचिका वेगळ्या राखणे भाग होते आणि त्यासाठी पासवर्डची पद्धत स्वीकारण्यात आली. त्या काळी सर्वांचे पासवर्ड एका संचिकेत, जसेच्या तसे लिहिलेले असत.

साठच्या दशकात या प्रणालीवर एक विलक्षण प्रसंग घडला. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाची सूचना टंकयंत्रावर छापून मिळत असे. एके दिवशी सूचनेऐवजी सर्व वापरकर्त्यांच्या पासवर्डांची संपूर्ण यादीच छापली जाऊ लागली. याचे कारण पाहण्यासारखे आहे. संचिका दुरुस्त करण्याचा कार्यक्रम, म्हणजे एडिटर, आपली तात्पुरती प्रत ठरलेल्या एकाच नावाने ठेवत असे. एका कार्यस्थळी एका वेळी एकच मनुष्य काम करील, असे त्यात गृहीत धरलेले होते. प्रशासकांची संख्या वाढली, त्यांना एकच कार्यस्थळ सामाईकपणे वापरण्याची मुभा दिली गेली. परंतु एडिटरला ते कोणी सांगितले नाही. एक प्रशासक सूचनेची संचिका आणि दुसरा पासवर्डची संचिका एकाच वेळी दुरुस्त करीत असताना दोन्ही तात्पुरत्या प्रती एकमेकींत गुंतल्या आणि त्यांची अदलाबदल झाली.

कोर्बातो यांना १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्यानात हा प्रसंग विस्ताराने सांगितला. बिघडणाऱ्या प्रणालींची उभारणी हाच त्या व्याख्यानाचा विषय होता. या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, तसेच कोणताही भाग सुटा पाहता चुकीचा नव्हता. एडिटर बरोबर होता, सामाईक कार्यस्थळाची सोयही योग्य होती. दोन क्रिया एका क्षणी एकत्र आल्या एवढेच घडले. पुढे संगणकशास्त्रात ज्याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात, म्हणजे निकाल कोण आधी पोहोचतो यावर अवलंबून राहणे, त्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण लॉगिनच्याच उंबरठ्यावर घडले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मौनाचे धोरण

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा प्रारंभ केला. युनिक्समधील लॉगिनची रचना साधी होती. एक छोटा कार्यक्रम टर्मिनलवर लक्ष ठेवी, नाव टाइप झाले की दुसरा कार्यक्रम पासवर्ड विचारी, तो जुळला की आज्ञा स्वीकारणारा तिसरा कार्यक्रम सुरू होई. तीन कार्यक्रम, एकामागून एक. यात गोंधळास फारसा वाव नव्हता.

पासवर्डच्या सुरक्षिततेविषयी रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध या क्षेत्रातील मूलभूत लेखन मानला जातो. पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचे एकमार्गी रूपांतर साठवावे, ते रूपांतर मुद्दाम संथ असावे, आणि त्यात १२ बिटांचे यादृच्छिक ‘मीठ’ मिसळावे, जेणेकरून एकच पासवर्ड ४,०९६ प्रकारे साठवला जाऊ शकेल, या कल्पना त्यात मांडलेल्या आहेत. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या निबंधातील एक लहानसा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. पूर्वी, अस्तित्वात नसलेले नाव दिल्यास नकार ताबडतोब येई आणि खरे नाव पण चुकीचा पासवर्ड दिल्यास नकार थोड्या विलंबाने येई. कारण रूपांतराचे संथ गणित फक्त खऱ्या नावासाठीच केले जाई. या विलंबावरून कोणते नाव खरे आहे हे चोराला ओळखता येत असे. म्हणून नाव खोटे असले तरीही ते गणित करावयाचे, असे ठरले.

हा निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने निःसंशय योग्य होता. मात्र त्याचा एक परिणाम असा, की लॉगिनचा कार्यक्रम आपल्या नकाराचे कारण शब्दांतून सांगत नाही आणि वेळेतूनही कळू देत नाही. प्रणालीतील इतर बहुतेक कार्यक्रमांकडून चूक झाल्यास ती स्पष्टपणे सांगावी अशी अपेक्षा असते. लॉगिनकडून ती अपेक्षा नाही. नाव चुकले, पासवर्ड चुकला, खाते गोठवले गेले किंवा पासवर्ड तपासणारी दूरची यंत्रणाच उत्तर देत नाही, या सर्वांना पडद्यावर बहुधा एकच मोघम वाक्य मिळते.

या मौनाचा मराठी वापरकर्त्याला येणारा एक खास अनुभव येथे नमूद करण्यासारखा आहे. भारतीय लिपींसाठीची इन्स्क्रिप्ट कळफलक-रचना १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झाली आणि पुढे लिनक्सच्या डेस्कटॉपवरही उपलब्ध झाली. लॉगिनच्या पडद्यावर ही रचना चालू राहिली तर रोमन अक्षरे समजून दाबलेल्या कळांतून देवनागरी अक्षरे उमटतात. आणि पासवर्डच्या चौकटीत सर्व अक्षरांच्या जागी ठिपकेच दिसत असल्यामुळे ते कळण्यास मार्ग नसतो. कोपऱ्यातील भाषेची लहानशी खूण पाहिली तरच उलगडा होतो. काल लिपी बदलली होती की नाही यावर आज प्रवेश मिळणे अवलंबून राहते आणि बिघाड ‘अधूनमधून’ होतो असे वाटते.

अनेक हातांनी बांधलेला दरवाजा

लॉगिनचा साधेपणा संपण्यास खिडक्यांची चित्रप्रणाली कारणीभूत ठरली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्ये १९८३ मध्ये ‘प्रोजेक्ट अथेना’ हा उपक्रम सुरू झाला. विद्यार्थ्याने परिसरातील कोणत्याही यंत्रासमोर बसावे आणि त्याला आपले काम तेथे मिळावे, हा त्यामागील विचार होता. या वातावरणातून दोन गोष्टी निर्माण झाल्या. एक म्हणजे बॉब शाइफलर यांनी १९८४ मध्ये आरंभलेली ‘एक्स’ ही खिडकीप्रणाली, आणि दुसरी म्हणजे जाळ्यावरून ओळख पटवणारी ‘कर्बेरोस’ ही पद्धती. पुढे १९८८ मध्ये एक्ससाठी चित्ररूप लॉगिनचा पडदा दाखवणारा ‘एक्सडीएम’ हा कार्यक्रम आला. केडीई आणि ग्नोम या मुक्तस्रोत डेस्कटॉपांनी नंतर आपापले कार्यक्रम तयार केले.

या पडद्याने वापरकर्त्याची सोय झाली. परंतु दोन भिन्न घटना एका पडद्यामागे झाकल्या गेल्या. ओळख पटणे ही एक घटना आणि कामाचे सत्र उभे राहणे ही दुसरी. मजकुराच्या टर्मिनलवर या दोन्हींतील फरक उघड दिसत असे. चित्ररूप पडद्यावर मात्र ओळख पटूनही सत्र उभे राहिले नाही तर पडदा क्षणभर काळा होतो आणि लॉगिनची चौकट पुन्हा समोर येते. वापरकर्त्याला वाटते पासवर्ड नाकारला गेला. प्रत्यक्षात पासवर्ड स्वीकारला गेलेला असतो. कुलूप उघडले, दार मात्र अडकले, असा तो प्रकार असतो.

दार अडकण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. एक्सवर चित्र काढण्याचा अधिकार सिद्ध करण्यासाठी प्रत्येक सत्राला १२८ बिटांची एक यादृच्छिक खूण दिली जाते. तिला ‘मॅजिक कुकी’ असे गमतीदार नाव आहे. (या कुकीचा संबंध पुढे २०१९ च्या प्रसंगात पुन्हा येणार आहे.) ती पारंपरिकपणे वापरकर्त्याच्या घर-निर्देशिकेतील एका संचिकेत लिहिली जाते. डिस्क भरलेली असेल तर ती लिहिता येत नाही आणि सत्र कोसळते. लिनक्सच्या प्रचलित एक्स्ट संचिकाप्रणालीत ५ टक्के जागा मूळ प्रशासकासाठी राखून ठेवण्याची प्रथा असल्यामुळे तपासणीस आलेल्या प्रशासकाच्या खात्याला या अडचणीची झळ लागत नाही. सामाईक डिस्कवर कोणी काही पुसले की थोडी जागा मोकळी होते आणि बिघाड आपोआप नाहीसा होतो. त्या संचिकेची मालकी चुकून प्रशासकाकडे गेली असली तरीही हाच परिणाम दिसतो, फक्त तो अधूनमधून न होता टिकून राहतो.

ओळख पटवण्याच्या बाजूलाही थर वाढत होते. सन मायक्रोसिस्टिम्समधील विपिन समर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘पॅम’ या रचनेचा प्रस्ताव मांडला आणि १९९६ पासून ती लिनक्सवर आली. ओळख पटवण्याचे नियम लॉगिनच्या कार्यक्रमातून बाहेर काढून सुट्या जोडभागांच्या साखळीत ठेवावेत, ही तिची कल्पना. प्रशासकाला यामुळे मोठे स्वातंत्र्य मिळाले; परंतु साखळीतील प्रत्येक कडीला नकाराधिकारही मिळाला. उदाहरणार्थ, वारंवार चुकणाऱ्यास रोखणारा जोडभाग आपल्या मूळ मूल्यांनुसार तीन चुकांनंतर १० मिनिटे खाते बंद ठेवतो. त्या १० मिनिटांत अचूक पासवर्डही नाकारला जातो, अकराव्या मिनिटाला तोच स्वीकारला जातो.

कर्बेरोसचे उदाहरण अधिक बोलके आहे. जुना संदेश चोरून पुन्हा वापरला जाऊ नये म्हणून ही पद्धती संदेशावर वेळ नोंदवते आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक अंतर चालू देत नाही. एखाद्या जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवरील लहानशी बॅटरी संपलेली असेल तर रात्री वीज बंद झाल्यावर त्याचे घड्याळ मागे जाते. सकाळी जाळ्यावरून वेळ मिळेपर्यंत लॉगिन फसते, नंतर दिवसभर काही अडचण नसते. शंभर संगणकांच्या प्रयोगशाळेत असे एकच यंत्र असावे आणि तेही फक्त पहिल्या तासिकेला अडावे, यावरून नाण्याएवढ्या बॅटरीपर्यंत पोहोचणे सोपे नव्हे. येथे ‘काळ’ हा शब्द शब्दशः खरा ठरतो.

क्रमाचा लोप

सिस्टिम-व्ही युनिक्सच्या परंपरेत यंत्र सुरू होताना करावयाची कामे अनुक्रमांक दिलेल्या आज्ञा-संचिकांत लिहिलेली असत आणि ती एकामागून एक पार पडत. लॉगिनच्या पडद्याचा क्रमांक बहुधा शेवटाकडे असे. तोपर्यंत डिस्क जोडलेल्या असत, जाळे सुरू झालेले असे, चित्रपत्रिका तयार असे. ही पद्धत संथ होती आणि तिच्यावर त्याबद्दल टीकाही पुष्कळ झाली. परंतु त्या संथपणात एक न लिहिलेली हमी दडलेली होती. पडदा दिसला याचा अर्थ बाकी सर्व तयार आहे.

लेनार्ट पॉटरिंग यांनी ३० एप्रिल २०१० रोजी ‘सिस्टिमडी’ची घोषणा केली. यापूर्वी उबंटूने २००६ मध्ये ‘अपस्टार्ट’च्या रूपाने वेगळा प्रयत्न केला होता. सिस्टिमडीचा विचार असा, की जी कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत ती समांतर चालवावीत आणि अवलंबित्व असेल तेथे ते स्पष्टपणे लिहावे. मे २०११ मधील फेडोरा १५ मध्ये ती स्वीकारली गेली. एप्रिल २०१५ पर्यंत डेबियन आणि उबंटू यांनीही ती स्वीकारली. या स्थित्यंतरावर मुक्तस्रोत जगतात झालेला वाद प्रसिद्ध आहे आणि त्याच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. एवढे मात्र म्हणता येईल, की ‘अवलंबित्व स्पष्टपणे लिहावे’ ही अट तर्कशुद्ध असली तरी चाळीस वर्षे जे आपोआप मिळत होते ते लिहून काढावे लागेल हे अनेकांच्या ध्यानातच आले नव्हते. ज्या गोष्टीचा कधी अभाव जाणवला नाही, तिची नोंद कोण ठेवणार?

याच सुमारास फिरत्या डिस्कची जागा एसएसडी घेऊ लागल्या. परिणामी काही यंत्रांवर लॉगिनचा कार्यक्रम इतक्या लवकर सुरू होऊ लागला की चित्रपत्रिकेचा ड्रायव्हर तोपर्यंत तयार झालेला नसे. पडदा काळाच राही. पुन्हा सुरू केले की एखादे वेळी ड्रायव्हर शर्यत जिंके आणि सर्व सुरळीत होई. ‘लाइटडीएम’ या लॉगिन-कार्यक्रमात तर यासाठी, आसनावर चित्र दाखवण्याची क्षमता आली आहे की नाही हे आधी विचारून घेण्याची स्वतंत्र सोय करावी लागली. यंत्र वेगवान झाले म्हणून लॉगिन फसू लागले, हे वाक्य प्रथमदर्शनी विचित्र वाटते. साठच्या दशकातील त्या एडिटरची आठवण ठेवली तर ते विचित्र राहत नाही.

सप्टेंबर २०१९

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रसंग लिनक्स कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, ५.३ या आवृत्तीच्या अखेरच्या टप्प्यात घडला. तो समजण्यासाठी यादृच्छिक संख्यांची पार्श्वभूमी पाहणे आवश्यक आहे.

संगणक हे ठरल्याप्रमाणे वागणारे यंत्र असल्यामुळे खरी यादृच्छिक संख्या त्याला स्वतःहून निर्माण करता येत नाही. लिनक्सचा यासंबंधीचा भाग थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये लिहिला. कळ दाबली गेल्याचा, माउस हलल्याचा, डिस्कने काम पूर्ण केल्याचा नेमका क्षण अनिश्चित असतो. त्या सूक्ष्म अनिश्चिततेचा, म्हणजे एंट्रॉपीचा, साठा करून त्यातून संख्या द्याव्यात, अशी ती योजना आहे. यंत्र नुकतेच सुरू झालेले असताना हा साठा रिकामा असतो. त्या वेळी मागणी आली तर काय करावे? तशाच कच्च्या संख्या द्याव्यात की साठा भरेपर्यंत थांबवावे?

कच्च्या संख्या देण्याचे परिणाम ठाऊक झालेले होते. डेबियनमध्ये २००६ साली झालेल्या एका बदलामुळे ओपनएसएसएलच्या एका प्रकारच्या किल्ल्यांसाठी केवळ ३२,७६८ शक्यता उरल्या होत्या आणि ते २००८ मध्ये उघडकीस आले. नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये इंटरनेटवरील किल्ल्यांचे सर्वेक्षण केले, तेव्हा सुरू होतानाच्या अपुऱ्या एंट्रॉपीमुळे अनेक उपकरणांच्या किल्ल्या एकमेकींशी जुळत असल्याचे दिसून आले. म्हणून ऑक्टोबर २०१४ मधील ३.१७ आवृत्तीत ‘गेटरँडम’ ही नवी सोय आली. साठा तयार होईपर्यंत ती मागणाऱ्याला थांबवून ठेवते. हा साठा वेळेपूर्वीच तयार मानला जात असल्याचे यान हॉर्न यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. ती त्रुटी दूर झाली आणि थांबण्याचा काळ लांबला. जुलै २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० च्या माहितीपत्रकात यंत्र सुरू होताना गोठल्यासारखे वाटू शकेल, असा इशाराच द्यावा लागला.

अशा स्थितीत एक्स्ट४ संचिकाप्रणालीत एक चांगली सुधारणा झाली. संचिकांच्या नोंदी वाचताना शेजारच्या नोंदींसाठी अनेक लहान मागण्या डिस्ककडे जात होत्या, त्या एकत्र बांधून पाठवण्याची ही सुधारणा होती. मागण्या कमी झाल्या आणि काम जलद झाले. परंतु मागण्या कमी म्हणजे ‘काम झाले’ असे डिस्कचे संकेतही कमी, आणि संकेत कमी म्हणजे एंट्रॉपीही कमी. सप्टेंबर २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यात अहमद दरविश या विकासकाने आपले यंत्र नव्या कर्नलसह सुरू होताना लॉगिनपाशी अडकते, असे कळवले. त्यांनी शोध घेत घेत दोष त्या सुधारणेपर्यंत नेऊन पोहोचवला. लॉगिनच्या मार्गावरील कार्यक्रम यादृच्छिक संख्या मागून थांबलेले होते. ज्या कामांसाठी अशा संख्या लागतात त्यांतील एक म्हणजे वर उल्लेखिलेली मॅजिक कुकी.

या बिघाडाचा सर्वांत फसवा गुण असा, की माउस हलवला किंवा कळा दाबल्या की तो नाहीसा होत असे. कारण त्या हालचालीतूनच साठा भरला जाई. पडदा का येत नाही म्हणून वापरकर्ता अस्वस्थपणे कळा दाबू लागे आणि पडदा येई. शांतपणे वाट पाहणारा अडकून राही, उतावळा आत जाई. तपासणाऱ्याच्या हाताचा स्पर्शच लक्षण पुसून टाकीत असल्यावर तक्रार सिद्ध करणार कशी?

यानंतर झालेल्या चर्चेत प्रत्येक बाजूला काही ना काही तथ्य होते. कुकीसारख्या किरकोळ कामासाठी उच्च प्रतीची यादृच्छिकता मागणे ही कार्यक्रमांचीच चूक, असे एक मत होते. कच्च्या संख्या दिल्यास २०१२ सारख्या दुर्बल किल्ल्या पुन्हा निर्माण होतील, अशी दुसऱ्या बाजूची भीती होती आणि ती निराधार नव्हती. थिओडोर त्सो हे यादृच्छिक संख्यांचा भाग आणि एक्स्ट४ या दोहोंचेही प्रमुख जबाबदार होते. अर्थात एकाच मनुष्याच्या देखरेखीखालील दोन भागांचा हा परस्परसंबंध त्यालाही आधी दिसला नाही. यात त्यांचा दोष मानण्याचे कारण नाही. संबंध कोठेही लिहिलेलाच नव्हता.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १५ सप्टेंबर २०१९ रोजी ५.३ आवृत्ती प्रसिद्ध करताना एक्स्ट४ ची ती सुधारणा मागे घेतली. सुधारणेत कोणतीही चूक नाही, हे त्यांनी मान्य केले होते. तथापि कालपर्यंत सुरू होणारे यंत्र आज सुरू होत नसेल तर वापरकर्त्याच्या दृष्टीने तो कर्नलचा दोष आहे, हा त्यांचा जुना दंडक त्यांनी येथे लावला. निर्दोष भागाला बाहेर काढून सदोष व्यवस्था तात्पुरती चालू ठेवण्याचा हा निर्णय तर्काच्या कसोटीवर लंगडा वाटू शकेल. इतिहासाच्या दृष्टीने तो अधिक समंजस होता असे म्हणावे लागते. सुरक्षिततेच्या बाजूचे विद्वान भविष्यातील चोरीबद्दल बोलत होते. पडद्यासमोर थांबलेल्या मनुष्याच्या वतीने बोलणारे त्या चर्चेत थोडे होते. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे, की अडकलेला पडदा ताबडतोब तक्रार करवतो, दुर्बल किल्ली कधीच तक्रार करीत नाही. म्हणून अशा तडजोडींत दिसणाऱ्या बिघाडाचे पारडे नेहमीच जड होण्याचा धोका असतो.

निर्णयानंतर

सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस टोरवाल्ड्स यांनीच निराळा उपाय लिहिला. साठा रिकामा असताना मागणी आली तर कर्नलने नुसती वाट न पाहता प्रोसेसरच्या गतिगणकातील सूक्ष्म चढउतार मोजून स्वतःच अनिश्चितता गोळा करावी, असा तो उपाय होता. ही अनिश्चितता कितपत खरी, याविषयी तज्ज्ञांत एकमत झाले नाही. तरीही नोव्हेंबर २०१९ मधील ५.४ आवृत्तीत हा उपाय समाविष्ट झाला आणि त्याच आवृत्तीत एक्स्ट४ ची मागे घेतलेली सुधारणाही परत आली. साठा वारंवार मोजून मागणाऱ्याला थांबवणारी जुनी पद्धत मार्च २०२० मधील ५.६ आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

मुक्तस्रोत व्यवस्थेचे वैशिष्ट्य येथे वेगळे सांगावे लागते. या प्रणालीत बिघाड कमी होतात असा दावा या प्रसंगावरून करता येणार नाही. उलट अनेक हातांनी बांधलेल्या व्यवस्थेत असे बिघाड अधिक संभवतात. परंतु लॉगिनच्या पडद्यापासून डिस्कच्या मागणीपर्यंतचा संपूर्ण मार्ग एका बाहेरच्या मनुष्याला चालून जाता आला, प्रत्येक बदल कोणी आणि केव्हा केला याची नोंद त्याला मिळाली आणि अर्ध्या-अर्ध्या अंतराने मागे जात नेमका बदल पकडता आला. पडदा जे सांगत नाही ते नोंदी सांगतात. याच कारणामुळे अनुभवी प्रशासक अशा तक्रारीत प्रथम मजकुराच्या टर्मिनलवरून प्रवेश मिळतो का ते पाहतात आणि मग फसलेल्या व यशस्वी अशा दोन वेळांच्या नोंदी शेजारी ठेवून त्यांतील घटनांचा क्रम ताडून पाहतात. क्रम जेथे बदलतो तेथून शोध सुरू होतो. पासवर्ड बदलून देण्याची घाई या पद्धतीत सर्वांत शेवटी येते.

यादृच्छिक संख्यांच्या भागाची जबाबदारी पुढे जेसन डोनेनफेल्ड यांच्याकडेही आली आणि त्यांनी त्याची मोठी पुनर्रचना हाती घेतली. मार्च २०२२ मध्ये ५.१८ आवृत्तीच्या तयारीत त्यांनी संख्या मिळवण्याचे जुने आणि नवे असे दोन्ही मार्ग एकसारखे करण्याचा बदल मांडला. साठा तयार होईपर्यंत आता दोन्ही मार्ग थांबणार होते. परंतु ज्या प्रोसेसरांत तसा सूक्ष्म गतिगणकच नाही, त्यांच्यावरील चाचण्यांत यंत्र सुरू होताना पुन्हा अडकू लागले. तो बदल काही दिवसांतच मागे घेण्यात आला.